हिरामणशी राहिलेला सौदा

हिरामण, तुझ्या दहाव्याला मी भांडलो. तापीच्या काठावर, डोकं ओलं, खांद्यावर टॉवेल, अशा अवस्थेत मी तुझ्या मेहुण्याच्या अंगावर धावून गेलो. त्यानं चहाचा कप हातात घेत एवढंच म्हटलं होतं, "बिचारा. ऐकता-बोलता येत नव्हतं, तरी पोटापुरतं कमावलं त्यानं."

मी म्हटलं, "बिचारा कोणाला म्हणता? या माणसानं मला तीनदा सौद्यात पाडलंय. अख्ख्या उधन्यातल्या एका व्यापाऱ्याला ते एकदाही जमलेलं नाही."

मेहुणा चार पावलं मागं सरकला. तुझी लताबाई मात्र पदराआड हसली, दहा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "भाऊ, तुम्ही भांडलात, बरं वाटलं. सगळे कसे हळू आवाजात बोलत होते."

तुझ्याबद्दल हळू बोलायची गरज काय, हे मलाही कळलं नाही.

आपली पहिली भेट आठवते? मी पारोळ्याकडून नुकताच आलो होतो. उधन्यातल्या त्या कारखान्यात शंभर माग, इथले लोक ज्यांना सांचे म्हणतात, एका पत्र्याखाली धडधडत होते. आत शिरल्यावर माझाच आवाज मला ऐकू येईना. नवा माणूस पहिले पंधरा दिवस ओरडत राहतो, मग घसा बसतो आणि तो हातांनी बोलायला शिकतो. दोन बोटं ताणून सोडली की धागा तुटला. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला, कामाला लागा. आणि या सगळ्यांत तुझे हात सगळ्यात स्वच्छ बोलायचे. मी तुला कारखान्याचा मुकादम समजलो. सगळे तुझ्याकडे बघून काम करत होते, मग दुसरं काय समजणार?

आठ दिवसांनी बाहेर चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मी तुला मागून हाक मारली. तू वळला नाहीस. मी पुन्हा मारली, तिसऱ्यांदा चिडून मारली. शेजारचा विणकर म्हणाला, "अरे, तो बहिरा आहे. जन्मापासून." मी थक्क झालो. आत आमच्यातला सगळ्यात बोलका माणूस, आणि दारातून एक पाऊल बाहेर टाकलं की मुका. तेव्हा त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. कमी तुझ्यात नव्हती, लारीवर होती, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

तुझ्या आईनं तुला बोलक्या पोपटाचं नाव ठेवलं, यावर मी विनोद केला होता. तू माझ्या ओठांकडे बघून तो समजून घेतलास आणि मलाही एक नाव दिलंस. एका मुठीवर दुसरा हात पालथा ठेवून तो थडथड उडवायचा. सगळे मला त्याच खुणेनं बोलवायला लागले. सहा वर्षं मी ती अभिमानानं मिरवली. मला वाटायचं, डोक्यावरचं पागोटं आहे. मग एके दिवशी लताबाईनं सांगितलं की ते उकळत्या भांड्यावरचं झाकण आहे. मी इतका संतापलो की तू नुसता माझ्याकडे बोट दाखवून उभा राहिलास. पुरावा समोरच होता.

पुढं मी जवळच बमरोलीत आठ जुने माग भाड्यानं घेतले. मालक झालो, पण मास्तर मिळेना. माग बिघडला की तो बसवणारा, ताण्याच्या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, चढवणारा, विणकरांवर लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे मास्तर, आणि तसा माणूस मला एकच माहीत होता. इतर मास्तर कान लावून ऐकत बसायचे. तू चपला काढायचास, मागाजवळ अनवाणी उभा राहायचास, सांगाड्यावर तळहात ठेवायचास आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते दाखवायचास. माझ्या चांगल्या कानांना फक्त एवढंच कळायचं की काहीतरी बिघडलंय.

तुला आणायला मी आमच्या घराण्याची विद्या घेऊन आलो. माझे वडील बैलबाजारातले दलाल. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली जातात, बोटं दाबली जातात, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही सौदा कितीला झाला ते कळत नाही. मला वाटलं, हा तर तुझ्यामाझ्यासाठीच बनलेला रिवाज आहे. पाच विणकर बघत होते. मी तुझ्या हातावर टॉवेल टाकला आणि माझा आकडा दाबला.

तो आकडा इतर मास्तरांच्या पगारापेक्षा बराच कमी होता. का, ते लिहितो. मी हिशेब केला होता की बहिऱ्या माणसाला मास्तर कोण करणार? आपणच करतोय तर स्वस्तात मिळाला पाहिजे. मला तेव्हा याची लाज वाटली नव्हती, उलट आपण उपकार करतोय असं वाटत होतं.

तू माझी बोटं दाबून आकडा नीट समजून घेतलास. मग टॉवेल ओढून बाजूला फेकलास. सगळ्यांना दिसेल असा हात उंच करून माझा आकडा दाखवलास. मग शेजारच्या कारखान्यातल्या मास्तराचा आकडा दाखवलास. दोन्ही हात तराजूसारखे धरलेस आणि भुवया उडवल्यास.

मी बोलायला लागलो. नवा धंदा, भाडं, विजेचं बिल. तू डोळे मिटलेस.

हिरामण, मी आयुष्यात नाना तऱ्हेच्या माणसांशी घासाघीस केली. रडणारे पाहिले, शपथा घेणारे पाहिले, उठून जायचं नाटक करणारे पाहिले. पण डोळे मिटून समोरच्याचं तोंडच बंद करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तुझ्यासमोर हात नाचवत होतो, ओरडत होतो. आतून माझी बायको म्हणाली, "त्याले ऐकू येत नही, गल्लीले येस." तिच्या आवाजात हसू होतं. शेवटी मी तुझ्या खांद्याला हात लावला, तू एक डोळा उघडलास, आणि मी दुसऱ्या मास्तराचा आकडा दाखवला. ही पहिली वेळ.

दुसरी वेळ भिंतीची. तू कोणाचा पगार किती ते खडूनं आतल्या भिंतीवर लिहून काढलंस. आपले खानदेशी विणकर, ओडिशाचे विणकर, बॉबिन भरणाऱ्या बायका, सगळे. मग ओडिशावाल्यांनी विचारलं, तेच माग आणि तोच कपडा, तर आम्ही दोन पायऱ्या खाली का? मी म्हटलं, ही बाहेर सांगायची गोष्ट आहे का? मी भिंत दोनदा पुसली. तू तीनदा लिहिलीस. ती अजून तशीच आहे, फक्त आता आकडे सारखे आहेत आणि मीच ते दिवाळीला नवे करतो.

आता तिसरी वेळ. ही मी अजून माफ केलेली नाही आणि तू गेलास म्हणून करणारही नाही.

तोवर माझे माग वाढले होते आणि मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचं काम मिळायच्या बेतात होतं. मी चार महिने त्याच्यामागं लागलो होतो. त्यांच्याकडून एक बाई तपासणीला आल्या, हातात लांबलचक फॉर्म. मराठी बोलणाऱ्या होत्या, त्यामुळं मी अर्धा सौदा झालाच असं धरून चाललो. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे विविधता, समानता आणि समावेश यांबद्दल काही धोरण आहे का?"

मी म्हटलं, "धोरण कशाला, माल दाखवतो ना. बायका सात, ओडिशाचे नऊ, बिहारचे चार, आपले खानदेशी सहा, मुसलमान दोन, बहिरे दोन. अजून कोणी हवे असतील तर सांगा, आठ दिवसांत आणतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. तू मागं उभा राहून माझे ओठ वाचत होतास आणि खाली बघून हसत होतास, ते मला दिसलं.

दारावर मी खास पाटी रंगवून घेतली होती: 'येथे दिव्यांगांना सन्मानाने रोजगार दिला जातो.' बाईंनी पाटी वाचली आणि विचारलं, "यांच्यापैकी वरच्या जागेवर कोण आहे?" मी तुला पुढं केलं. "हे आमचे हिरामण मास्तर." त्यांच्याबरोबर खुणांची भाषा जाणणारी एक मुलगी होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिनं तुला सरळ विचारलं, तुमचा हुद्दा काय?

तू उत्तर दिलंस. मुलगी म्हणाली, "ते म्हणतात, काम मास्तरचं आहे. कागदावर हेल्पर."

खरंच होतं. अकरा वर्षांपूर्वी नोंदणी करताना मी हेल्पर लिहिलं होतं आणि तसंच राहू दिलं होतं. पगार मास्तरचा देत होतो, मग कागदाला कोण विचारतो, असं माझं म्हणणं. बाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, चहा घेतला, आभार मानले. काम दुसऱ्याला गेलं.

मी तुझ्याशी अबोला धरला. तुझ्याशी अबोला धरण्याइतका मूर्खपणा दुसरा नसेल. तीन दिवस तुला पत्ताच लागला नाही. चौथ्या दिवशी लागला, तर तू सगळ्यांना सांगत सुटलास की झाकण बंद आहे, मजेत काम करा. आठव्या दिवशी मीच तुला कोपऱ्यात ओढलं.

"मला एकट्यात सांगायचं होतंस," मी हातांनी म्हटलं.

"एकट्यात सांगितलं असतं तर तू भाव पाडला असतास."

"अकरा वर्षं गप्प होतास ना?"

"अकरा वर्षांत मला कोणी विचारलं नाही. तूसुद्धा नाही."

तरी मी आणखी तासभर भांडलो. दुसऱ्या दिवशी कागद बदलले. पाटी उतरवली. ती कुठं टाकू, असा विचार करत होतो, तर तू ती माझ्या हातातून घेतलीस, करवतीनं कापलीस आणि सहा नंबरच्या डगमगणाऱ्या मागाच्या पायाखाली बसवलीस. माग त्या दिवसापासून हललेला नाही. तरी माझं म्हणणं कायम आहे, हिरामण. काम गेलं ते गेलंच. आधी मला सांगितलं असतंस तर मी तेव्हाच कागद बदलले असते. असं मला वाटतं. तू असतास तर या वाक्याला डोळे मिटले असतेस.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की माझा डावा कान मागांनी खाल्लाय आणि उजवाही फार दिवसांचा सोबती नाही. मी तोंड पाडून तुला सांगायला आलो. तू इतका हसलास की तुला बॉबिनच्या पेटीवर बसावं लागलं. मग उठून माझ्याशी हात मिळवलास, नव्या नोकराचं स्वागत करतात तसा. मीही हसलो. त्या दिवसापासून मला त्या कानाची भीती वाटलेली नाही. मला तर आधीपासून सगळं बोलता येतं, तूच शिकवलेलं.

तिथंच, त्या पेटीवर बसून, तू चौथा सौदा काढलास. संगीताचा.

संगीता बॉबिन भरायला येऊन नऊ वर्षं झाली. बमरोलीचीच, दोन मुलांची आई, चार वर्षांची असताना तापानं कान गेलेले. जेवणाच्या सुट्टीत तू तिला माग शिकवतोयस, हे मला दिसत होतं, पण मी बघितलं नाही असं दाखवत होतो. तू म्हणालास, "माझे गुडघे गेले. माझ्यानंतर ती मास्तर."

मी म्हटलं, "तीन महिने बघू. जमलं तर करू."

"रामधनीला रात्रपाळीचा मास्तर केलंस तेव्हा किती महिने बघितलंस?"

"रामधनीची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

मी म्हटलं, लोक ऐकणार नाहीत. तू म्हणालास, माझंही कोणी ऐकत नव्हतं, बघत होते. मी म्हटलं, तीन नाही तर दोन महिने. तू मान हलवलीस. मी एका महिन्यावर आलो. तू तरी मान हलवलीस. मी चिडून निघून गेलो. हे चार वेळा झालं, दर वेळी तिथंच येऊन अडलं. आणि मग एका रविवारी, जेवताना, वरणाची वाटी पुढं ओढता ओढता तू गेलास. माणूस एवढा चिवट आणि जायची घाई एवढी. आमच्या बैलबाजारात सौदा अर्धा टाकून जाणाऱ्याला फार वाईट बोलतात.

तू गेल्यावर मला वाटलं, आता भाव माझ्या हातात आला. बाहेरून एखादा मास्तर आणतो आणि विषय संपवतो. म्हणून ओडिशावाल्यांमधला मोठा, प्रधान, याला बोलावून विचारलं. संगीताचं नावही सहज टाकून बघितलं.

तो म्हणाला, "भाऊ, औरत है, ऊपर से सुनती नहीं. मशीन का आवाज कैसे पकड़ेगी?"

"हिरामण कैसे पकड़ता था?"

"वो तो हिरामण था."

मलाही हेच म्हणायचं होतं, त्यानं फक्त आधी म्हटलं. आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते खोटं वाटलं. आम्ही सगळ्यांनी तुला एकट्याला उंच बसवून ठेवलं होतं, म्हणजे तुझ्यामागून कोणी आलं तर दार उघडायला नको. तुझा मेहुणा तुला बिचारा म्हणाला आणि आम्ही तुला जगावेगळा म्हणत होतो. अंतर फारसं नव्हतं. तू आपला चांगला मास्तर होतास, आणि चांगले मास्तर शिकून तयार होतात.

दुसऱ्या दिवशी मी संगीताला बोलावलं. सगळे माग थांबवले, सगळ्यांसमोर तिच्या हातात तुझी पान्या-हातोड्यांची पिशवी दिली आणि भिंतीवरचा मास्तरचा आकडा दाखवला. तिनं तो बघितला, मग मला विचारलं, "कागदावर?"

मी हसलो. कोणी शिकवून ठेवलं होतं ते सांगायला नको. "कागदावर," मी म्हटलं. "उद्याच."

पाचव्या दिवशी तिनं घोटाळा केला. चार नंबरच्या मागावर भलताच बीम चढवला. किनार निळी हवी होती, हिरवी विणली गेली, आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत दोन ताके, म्हणजे दोनशे मीटर कापड, वाया गेलं. मी कापड हातात धरलं आणि माझं डोकं फिरलं. मधोमध उभा राहून मी तोंडानं ओरडलो आणि हातांनीही ओरडलो. रामधनी असाच चुकला होता तेव्हा त्याला जे जे बोललो होतो ते सगळं बोललो, बायको शेजारी उभी होती म्हणून फक्त दोन शब्द गाळले. एकेक माग थांबत गेला.

संगीताचा चेहरा लाल झाला. मग तिचे हात चालू झाले, आणि चांगले जोरात. चूक माझी आहे, पण सगळे बीम तू त्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवतोस, तिथं दिवसाही निळं-हिरवं ओळखू येत नाही, नऊ वर्षं मी तिथून बॉबिन उचलतेय, एक बल्ब लावायची तुझी दानत नाही. बायको म्हणाली, "खरं आहे तिचं." मी बायकोवरही ओरडलो. प्रधान हाताची घडी घालून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर ती बाहेर बसली होती. मागांच्या दारात नाही, बॉबिनच्या खोलीच्या दारात. पान्यांची पिशवी मांडीवर, नीट बांधलेली. सगळे विणकर आत आपापल्या मागापाशी उभे, कोणी माग सुरू केला नव्हता. मला बघून ती उठली आणि तिनं पिशवी माझ्यापुढं धरली.

रामधनीनं असं केलं नव्हतं, हिरामण. रामधनी शिव्या खाऊन दुसऱ्या दिवशी पान चघळत आला होता. एक चूक झाली की हातातलं परत द्यायचं, हे आपण फक्त हिलाच शिकवलं होतं.

मी पिशवी घेतली नाही. हात मोकळे ठेवून म्हटलं, "दोन नंबरचा बीम दुपारपर्यंत संपेल. पुढचा कुठला चढवायचा ते बघून ठेव."

ती माझ्याकडे बघत राहिली, खरं बोलतोय की नाही ते चेहऱ्यावर शोधत. मग पिशवी काखेत मारली.

"बल्ब?" तिनं विचारलं.

"दहा वाजता वायरमन येतोय."

"दोन लावायला सांग," ती म्हणाली आणि आत गेली.

मी वायरमनला दोनच सांगितले.